एका सल्ल्याची रुजवात

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांवर, आणि विशेषेकरून मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर सर्रास झालेल्या अशा शस्त्रक्रियांवर, गेल्या काही वर्षांत जी टीका झाली, तिला उत्तर देणारा एक पक्ष आता पुरता सज्ज झालेला दिसतो. हा पक्ष अडाण्यांचा नाही. त्यात पदवीधर डॉक्टर आहेत, त्यांचे स्नेही आहेत, आणि ज्यांच्या घरातील एखाद्या मावशीची किंवा वहिनीची प्रकृती ‘पिशवी काढल्यापासून’ सुधारली असे सद्‌गृहस्थही आहेत. त्यांची कैफियत साधारणतः अशी असते की, मुलेबाळे झाल्यावर गर्भाशयाला शरीरात काही काम उरत नाही. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळी जास्त जाणे या साऱ्या तक्रारींचे मूळ तेथेच असते. ते ठेवले तर पुढेमागे कर्करोगाची धास्ती राहते. खेड्यातल्या बाईला वरचेवर तपासणीस येणे परवडत नाही. आणि सरतेशेवटी, ती बाई स्वतःच येऊन ‘डॉक्टर, एकदाची पिशवी काढून टाका’ अशी विनवणी करते, तेव्हा तिच्या इच्छेचा अव्हेर करणारे टीकाकार कोण? ऐकायला ही कैफियत समंजस वाटते, आणि म्हणूनच तिच्यातील एकेक कलम पुराव्याशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. माझ्या मते यांपैकी एकही कलम त्या कसाला उतरत नाही. आणि आधुनिक उपचार म्हणून जो विचार मिरवला जात आहे, तो वैद्यकाने एकोणिसाव्या शतकातच अजमावून, पुष्कळ स्त्रियांच्या प्राणांचे मोल देऊन, टाकून दिलेला आहे.

वाद वाढण्यापूर्वी एवढे मान्य करून टाकतो की, ही शस्त्रक्रिया स्वतः निंद्य नव्हे. गर्भाशयाचा कर्करोग, औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी, प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव, उतारवयात अंग पूर्णपणे बाहेर येणे, अशा प्रसंगी तिने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविले किंवा त्यांचे जिणे सुसह्य केले आहे. वाद आहे तो तिशीतल्या बाईला श्वेतप्रदरासाठी, कंबरदुखीसाठी किंवा नुसत्या भीतीपोटी टेबलावर घेण्याविषयी. अशा बायका किती, याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. बीड जिल्ह्यातील या प्रकारांचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात ३.२ होते. दोन्ही मोजण्या एकाच पद्धतीने झालेल्या नाहीत, हे खरे. पण कितीही वजावट केली तरी एवढी तफावत मोजणीच्या पद्धतीतून निघत नाही, आणि ऊस तोडणाऱ्या बाईचे गर्भाशय इतर बायकांहून पाचपट रोगट असते असे म्हणण्यास कोणताही शरीरशास्त्रवेत्ता धजणार नाही.

आता या विचाराची वंशावळ पाहू. स्त्रीच्या यच्चयावत व्याधींचे खापर तिच्या जननेंद्रियांवर फोडावे आणि ती इंद्रिये काढून व्याधीचा निकाल लावावा, ही कल्पना मराठवाड्यात जन्मलेली नाही. १८७२ साली अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात रॉबर्ट बॅटी नावाच्या शल्यवैद्याने, पाळीच्या त्रासाने आणि फेफऱ्यासारख्या झटक्यांनी पीडित असलेल्या स्त्रियांच्या निरोगी बीजांडकोशांचा उच्छेद करण्याची प्रथा सुरू केली. अकाली ऋतुनिवृत्ती घडवून आणली की मनाचे आणि शरीराचे सर्व विकार शमतील, असा त्याचा सिद्धान्त होता. त्याच वर्षी जर्मनीत हेगारने आणि इंग्लंडात लॉसन टेटनेही अशाच शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढील दोन-तीन दशकांत उन्माद, वेड, डोकेदुखी, ‘कामातुरता’ असल्या लक्षणांसाठी हजारो स्त्रिया या शस्त्राखाली आल्या. कित्येक जणी जंतुसंसर्गाने दगावल्या. ज्या जगल्या त्यांचा उन्माद बहुधा जसाच्या तसा राहिला. त्याआधी लंडनमध्ये आयझॅक बेकर ब्राउन याने याहून लज्जास्पद असा एक छेद अपस्मारावर उपाय म्हणून प्रचारात आणला होता, आणि त्यापायी १८६७ साली तेथील प्रसूतिशास्त्र मंडळाने त्याला सभासदत्वावरून काढून टाकले. गर्भाशय मागे झुकलेले असणे हाही पूर्वी एक रोग समजला जात असे. ती पाचांतल्या एका स्त्रीची निसर्गदत्त ठेवण आहे हे कळेपर्यंत तिच्यावर नाना आकारांच्या कड्या बसवून झाल्या आणि पोट उघडून गर्भाशय पुढे शिवूनही झाले. आजही ‘पिशवी उलटी आहे’ हे निदान ऐकून रडवेल्या झालेल्या सुना आपल्याकडे कमी नाहीत.

हे सगळे जुने झाले, आता सोनोग्राफी आली आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून आजचेच एक निदान जरा जवळून पाहू. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या स्त्रीची आतून तपासणी केली असता गर्भाशयाच्या मुखाभोवती पुष्कळदा एक लालबुंद, किंचित दाणेदार वर्तुळ दिसते. मुखाबाहेरील आवरण गुलाबी आणि जाड असते, आतील नलिकेचे आवरण एकपदरी आणि नाजूक असते. तारुण्यात, गरोदरपणी किंवा पाळणा लांबविण्याच्या गोळ्या चालू असताना संप्रेरकांच्या प्रभावाने आतील आवरण थोडे बाहेर सरकते, आणि त्याच्या पातळ थरातून खालच्या रक्तवाहिन्या दिसत असल्यामुळे तो भाग लाल भासतो. त्वचा फाटलेली नसते, व्रण नसतो, पू नसतो. जुन्या वैद्यकाने मात्र या लालीलाच झीज किंवा क्षत असे नाव दिले, आणि ते नाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत येऊन आपल्या दवाखान्यांत ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ या वाक्यात स्थिरावले. या वाक्यापाठोपाठ ‘दुर्लक्ष केलेत तर कॅन्सर होईल’ हे दुसरे वाक्य येते, आणि मग बाईपुढे दोन वाटा ठेवल्या जातात: जाळून घ्या, नाहीतर काढून टाका. जाळण्याने किंवा गोठवण्याने ती लाली काही काळ नाहीशी होते, ही गोष्ट खरी. परंतु जो रोगच नव्हता त्याला बरे केल्याचे श्रेय कोणी घ्यावे? जेथे तपासणीत कर्करोगपूर्व बदल सिद्ध झाले असतील तेथे गोठवण्याचा उपचार अगदी योग्य आहे, पण त्यासाठी आधी तपासणी करावी लागते, आणि नेमकी तीच पायरी येथे वगळलेली असते.

पांढरे जाणे या तक्रारीकडेही याच नजरेने पाहावे. थोडाफार स्राव प्रत्येक निरोगी स्त्रीला असतो. तो वाढला, त्याला दुर्गंधी आली, खाज सुटली, तर त्याचे कारण बहुतांशी योनिमार्गातील जंतू किंवा बुरशी हे असते, आणि त्यावर काही रुपयांच्या गोळ्या पुरतात; जंतूंच्या काही प्रकारांत त्या नवऱ्यालाही द्याव्या लागतात, आणि माझा असा दाट संशय आहे की, नवऱ्याला बोलावून चार गोळ्या घ्यायला लावण्यापेक्षा बायकोचे गर्भाशय काढणे अनेकांना सोपे वाटत असावे. मुख्य म्हणजे गर्भाशय काढले तरी योनिमार्ग जागेवरच राहतो, आणि त्यातील जंतूही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांची दखल साऱ्या जगाने घेतली: शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या. सापडलेल्या रोगांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. शस्त्रक्रियेचे समर्थक कधी कधी ‘ग्रामीण स्त्रियांत रोगांचे प्रमाण केवढे आहे पाहा’ म्हणून असल्याच आकड्यांचा हवाला देतात. त्याच आकड्यांतून निघणारा खरा निष्कर्ष असा की, या बायकांना कोणी तपासलेले नाही आणि त्यांच्या निम्म्या व्याधी औषधाने बऱ्या होण्याजोग्या आहेत. पाळी जास्त जाण्याचेही तसेच. जपानमधील ओकामोटो दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहे, ते फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायचे असते. गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबीसारखी साधने अनेक वर्षे रक्तस्राव आटोक्यात ठेवतात. आणि रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात. हे सर्व करून पाहिले, गुण आला नाही, बाईने विचार करून होकार दिला, आणि मग शस्त्र हाती घेतले, असे असेल तर माझी तक्रार नाही. पण तिसाव्या वर्षी पहिल्याच भेटीत सोनोग्राफीच्या कागदावर ‘गर्भाशय किंचित मोठे’ एवढा शेरा पाहून शस्त्रक्रियेची तारीख देणारे डॉक्टर यातली कोणती पायरी चढलेले असतात?

यावर प्रतिपक्षाकडून अनुभवाचा दाखला पुढे केला जातो: ‘आम्ही वीस-वीस वर्षे हे करीत आहोत, आमचे पेशंट आनंदाने घरी जातात.’ वैद्यकाच्या इतिहासात या अनुभवाने जेवढे अनर्थ केले तेवढे उघड अज्ञानानेही केले नसतील. लंडनमधील चार्ल्स डॉड्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक तयार केले. पुढच्या दशकात बॉस्टनमधील स्मिथ या संशोधक पतिपत्नींनी, ते गर्भपात टाळते असा आपल्या अनुभवाचा निर्वाळा दिला, आणि लक्षावधी गरोदर स्त्रियांना ते देण्यात आले. त्यांतील बहुसंख्य बायकांना निरोगी मुले झाली, डॉक्टरांना धन्यवाद मिळाले, आणि अनुभव अधिकच पक्का झाला. १९५३ साली शिकागोच्या विद्यापीठात डीकमन याने सुमारे सोळाशे स्त्रियांवर रीतसर तुलना करून दाखविले की, हे औषध घेणाऱ्या आणि निव्वळ साखरेची गोळी घेणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताच्या बाबतीत काडीचाही फरक नाही. तरीही औषध थांबले नाही. १९७१ साली बॉस्टनमध्येच हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींत, त्या वयात जवळजवळ न आढळणारा योनिमार्गाचा कर्करोग दिसला; आठ मुलींपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हेच औषध घेतले होते. निरुपयोगी ठरल्यावर अठरा वर्षे ते औषध चालू राहिले ते केवळ समाधानी अनुभवाच्या जोरावर. आपल्याकडेही पाळी आणण्यासाठी आणि गरोदरपण तपासण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेवर १९८२ साली बंदीचा हुकूम निघाला. उत्पादकांनी तो न्यायालयांत अडकवून ठेवला, आणि स्त्रीसंघटनांच्या चिवट लढ्यानंतर १९८८ साली त्याची तड लागली.

कर्करोगाच्या भीतीचे कलम मी मुद्दाम मागे ठेवले, कारण या सर्व कैफियतीत ते सर्वांत परिणामकारक आहे, आणि त्याचे उत्तर बीडच्या वेशीलाच लागून आहे. गर्भाशय मुखासकट काढले की त्या मुखाचा कर्करोग होणार नाही, हे नाकारता येत नाही. परंतु याच न्यायाने स्तनांच्या कर्करोगाच्या भीतीने चाळीस वर्षांच्या प्रत्येक बाईचे स्तन काढावे लागतील, आणि तसा सल्ला देण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची बाधा बहुतेक स्त्रियांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीशी होते, थोड्या जणींत टिकते, आणि टिकली तरी कर्करोग होईपर्यंत सामान्यतः दहा किंवा त्याहून अधिक वर्षांचा अवधी मिळतो. त्या अवधीत एकदा जरी तपासणी झाली तरी काय साधते, हे जगाला दाखवून दिले ते तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याने. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेथे खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूच्या तपासणीने त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसून आले. ज्यांची तपासणी नकारात्मक आली त्यांच्यापैकी अभ्यासाच्या आठ वर्षांत एकही स्त्री या रोगाने मेली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, दहावी-बारावी झालेल्या स्थानिक आरोग्यसेविकांच्या हाताने, केवळ पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी करून दाखविले.

उस्मानाबादच्या प्रयोगात तुलनेसाठी एका गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवले, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते गैरवाजवी नव्हते. पण म्हणूनच मला असे वाटते की, या पुराव्याची किंमत ज्या मुलखातील बायकांनी चुकती केली त्या मुलखात तरी तो आधी वापरला जावा. प्रत्यक्षात घडले ते असे की, एका जिल्ह्यातील बायकांच्या साह्याने एक तपासणी पुरते हे सिद्ध झाले, त्या निष्कर्षाचा उपयोग देशोदेशीच्या धोरणांना झाला, आणि शेजारच्या जिल्ह्यात कर्करोगाचे नाव घेऊन बायकांची गर्भाशये काढणे चालू राहिले. ‘खेड्यातली बाई वरचेवर तपासणीस येत नाही’ या कलमाचे उत्तरही यातच आले. तिला वरचेवर यावेच लागत नाही. सोनोग्राफीला, रक्ततपासणीला, भूल देणाऱ्याकडे आणि टाके काढायला ती येतेच की!

गर्भाशयाला नंतर काम उरत नाही, हे कलम थोडक्यात निकालात काढतो. बीजांडकोश ठेवून नुसते गर्भाशय काढले तरी त्या कोशांचा रक्तपुरवठा काहीसा घटतो आणि ऋतुनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येते; दोन्ही कोश काढले तर ती त्याच दिवशी येते, आणि तिशीतल्या बाईची हाडे, हृदय आणि झोप पन्नाशीतल्या बाईच्या पंक्तीला जाऊन बसतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीत, दोन्ही कोश काढलेल्या स्त्रियांत बीजांडकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले असले तरी हृदयविकार आणि एकंदर मृत्यू वाढल्याचे २००९ साली निदर्शनास आले. ज्या बाईला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे आहे, तिच्या हाडांचा हा हिशेब कोणत्या संमतिपत्रकात मांडलेला असतो? आणि गर्भाशय राखण्याचा आग्रह हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच शल्यवैद्यांची आठवण ठेवावी. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत ख्याती पावलेले विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव गर्भ टिकविण्यासाठी गर्भाशयमुखाला घालावयाच्या टाक्यामुळे जगभर झाले. त्यांनी आणि मुंबईच्याच पुरंदरे यांनी तरुण स्त्रियांचे अंग बाहेर येऊ लागले असता गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया प्रचारात आणल्या, आणि त्या आजही त्यांच्या नावांनी शिकविल्या जातात. अंग बाहेर येण्यासारख्या खऱ्या व्याधीतही ज्यांना गर्भाशय वाचवावेसे वाटले, त्यांच्याच मुलखात श्वेतप्रदरासाठी ते काढले जावे!

राहता राहिली बाईची विनवणी. ती खरी असते, हे मी अमान्य करीत नाही. पण तिची कबुलायत कोणत्या परिस्थितीत लिहून घेतली जाते ते पाहावे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम दिवाळीच्या सुमारास कोयत्यामागे उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, दोघांनाही फड सोडता येत नाही. पहाटेच्या काळोखात उठायचे, कोपीत भाकऱ्या थापायच्या, उजाडण्यापूर्वी फडात पोहोचायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. संडास नाही, न्हाणी नाही, पाळीचे कापड धुवून वाळवायला आडोसा नाही. एक दिवस बसले तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. यांतील बहुतेक बायकांची लग्ने अठराव्या वर्षापूर्वी लागलेली, बाविशी-तेविशीत दोन-तीन मुले होऊन कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही उरकलेली. अशा बाईला दर महिन्याला चार दिवसांचा खाडा परवडत नाही, आणि शस्त्रक्रियेसाठीही मुकादमच उचल देतो, असे कामगार स्त्रियांच्या साक्षींतून पुढे आले आहे. तिच्या तोंडचे ‘काढून टाका’ हे वाक्य वैद्यकीय निदान नव्हे. तिला संडास, पाणी, आडोसा, पाळीची पगारी सुट्टी आणि एक धड तपासणी यांपैकी काहीच मिळत नाही, म्हणून जे एक मिळते ते ती मागते. शिवाय ही मागणी दवाखान्यात येण्यापूर्वीच तयार झालेली असते: शेजारच्या कोपीतल्या जावेला ‘पिशवी सडली आहे’ असे सांगण्यात आले होते, बहिणीला ‘चार दिवसांत फुटेल’ असे सांगण्यात आले होते. भीती डॉक्टरनेच घालायची, आणि भ्यालेल्या बाईने मागणी केली म्हणून तिच्या स्वेच्छेचा डांगोरा पिटायचा, ही संमती कोणत्याही दिवाणी दाव्यात क्षणभरही टिकली नसती. तिचा अव्हेर करा असे कोणीच म्हणत नाही. डॉक्टरला बाई जे मागेल ते देणारा दुकानदार व्हायचे असेल तर त्याने तसे सांगावे. मग पदवीचा आणि अनुभवाचा आधार तरी घेऊ नये.

या सगळ्यानंतर शेवटची तक्रार उरते ती व्यवसायाच्या प्रतिष्ठेची. बीडमध्ये बोभाटा झाल्यावर, खासगी रुग्णालयांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असे बंधन घालण्यात आले, तेव्हा हा प्रामाणिक डॉक्टरांचा अपमान आहे आणि सरकारी दप्तरात कागद अडकून पेशंटचे हाल होतील, अशी ओरड झाली. प्रामाणिक डॉक्टर पुष्कळ आहेत. बीडच्या बायकांची दखल घेण्यास सरकारला भाग पाडणाऱ्यांत काही डॉक्टरही होते, आणि बिहार, छत्तीसगड, राजस्थान येथील असल्याच प्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयात दाद मागणारे नरेंद्र गुप्ता हे स्वतः डॉक्टरच आहेत. त्यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल देताना न्यायालयाने, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणाव्यात, असे सर्व राज्यांना बजावले. त्या सूचनांत जिल्हापातळीवर देखरेख समित्यांची तजवीज आहे, नोंदी ठेवण्याचा जाबता आहे. समित्यांच्या बैठकांवर माझा फारसा भरवसा नाही. आपल्याकडील समित्यांची इतिवृत्ते बहुधा चहापानाने सुरू होतात आणि पुढील बैठकीच्या तारखेने संपतात.

माझी मागणी त्याहून लहान आणि मोजता येण्याजोगी आहे. काढलेले प्रत्येक गर्भाशय फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागते. तेथे त्याचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते, आणि त्यात गाठ होती की नाही, कर्करोगपूर्व बदल होते की नाही, की ते निरोगी होते, हे कागदावर लिहून येते. हा कागद खोटे बोलायला कचरतो, कारण काचेवरचे छेद पुढे वर्षानुवर्षे पुन्हा तपासता येतात. चाळिशीच्या आतील बाईचे गर्भाशय काढणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, शस्त्रक्रियेपूर्वी केसपेपरवर लिहिलेले कारण आणि शस्त्रक्रियेनंतर आलेला हा अहवाल, दोन्ही एका पानावर समोरासमोर लावून दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दप्तरी दाखल करावे. पेशंटचे नाव झाकावे, डॉक्टरचे झाकू नये. या कामाला नवा कायदा लागत नाही की फारसा खर्चही लागत नाही. आणि ज्यांचे निदान अचूक होते त्यांना त्याची धास्ती वाटण्याचे काही कारण मला दिसत नाही.